सात नंबरची हाक

बाजाराच्या दिवशी दुपारी साडेबाराला सिनेमाच्या हॉलचं इंजिन धडधडायला लागायचं, आणि तो आवाज बाजाराच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. तो ऐकला की भाजीवाल्या बायकांचा हात एकदम सैल व्हायचा. माल संपवून आत जाऊन बसायचं असायचं ना! ज्यांना घासाघीस करायला जमत नसे अशी भिडस्त गिऱ्हाइकं इंजिन सुरू व्हायची वाट बघत मुद्दाम रेंगाळायची.

हॉल म्हणजे पूर्वीचं कापसाचं गोदाम. मालकाने भिंतींना चुना फासला, एका टोकाला पडदा ताणला, पुरुषांना पुढे जमिनीवर बसवलं आणि मागे लाकडी कठड्याआड बायकांसाठी सहा बाक टाकले. बाक पहिल्याच महिन्यात भरले. पण बायका काय एकट्या येणार होत्या? काखेत एक, बोटाशी एक. पडद्यावर कुणी डोळ्यांना हात लावला की मागे चार पोरं सूर धरायची. पुरुष ओरडायचे, "अरे, त्या गवयांना बाहेर काढा!" मालकाला बायकांची तिकिटं हवी होती आणि हॉलमध्ये शांतताही हवी होती. एक दिवस त्याने हॉल झाडणाऱ्या बाईला विचारलं, "तुला पोरं सांभाळता येतात का गं?"

"पोरंच येतात," ती म्हणाली, "बाकी काही येत नाही."

आणि ते खरंच होतं. नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला, मूल झालं नाही, म्हणून ती भावाच्या घरी राहिली. भावाची सहा मुलं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. मुलं मोठी झाली, मिसरूड फुटलं, लग्नं झाली, आणि मग वहिनीला एकाएकी घर लहान वाटायला लागलं. कुणी काही बोललं नाही. आपलं ताट वाढताना वहिनीचा हात जड होतो, एवढं तिला समजलं, आणि पन्नाशीच्या आत-बाहेर तिने हॉलचा झाडू हातात घेतला. मागच्या बाजूला इंजिनाशेजारी एक खोली होती, तीही मिळाली. इंजिन चालू असलं की खोलीतली भांडी फळीवर आपोआप सरकत. ती म्हणायची, "मला घर आवरावं लागत नाही, बाजाराच्या दिवशी ते आपलं आपण आवरून घेतं."

व्हरांड्याच्या तुळयांना तिने जुन्या पडद्याच्या कापडाच्या तीन झोळ्या टांगल्या. उरलेल्या मुलांसाठी सतरंजी. कुणाचं मूल कुणाला गेलं असं व्हायला नको म्हणून तिने गोदामातले पितळी बिल्ले शोधून काढले. पूर्वी ते कापसाच्या गाठींना बांधत. एकाच आकड्याचे दोन-दोन बिल्ले होते. एक मुलाच्या पायात दोऱ्याने बांधायचा, दुसरा आईच्या हातात द्यायचा. मूल भुकेलं की ती दारावरचा पडदा जरासा सारून हाक मारायची, "चार नंबर!" आणि आतून कुणीतरी बाई वाकून, माणसांचे पाय चुकवत बाहेर यायची, पाजायची आणि पुन्हा आत पळायची. तोवर काय घडलं ते शेजारणीने सांगायचं. दोनदा हाक मारायची, तरी कुणी आलं नाही तर आत जाऊन शोधायचं, हा तिने स्वतःच घालून घेतलेला नियम.

बायका तिला झोळीवाली मावशी म्हणायला लागल्या, आणि मग सगळं गावच म्हणायला लागलं. भुकेचं रडणं, झोपेचं रडणं, पोट दुखल्याचं रडणं आणि नुसता कांगावा हे ती पाठ वळवूनही ओळखायची. सिनेमा तिने एकही पाहिला नाही, ऐकले मात्र सगळे. अशी पाच वर्षं गेली.

सहाव्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी कुंभाराची सून पहिल्यांदा आली. बाजाराच्या दक्षिणेला कुंभारीण मडकी मांडून बसायची, तिची ही सून. एकोणीस वर्षांची, शेलाटी, आणि कुणी बोललं की आधी मागे बघणारी. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण हॉलच्या आत तिने पाऊल टाकलं नव्हतं. सासूपुढे महिनाभर तोंड वेंगाडल्यावर आज परवानगी मिळाली होती. कडेवर नऊ महिन्यांचा मुलगा.

मावशीने त्याला घेतलं आणि त्याच्या मानेला हात लावला. "अंग कोमट लागतंय गं."

"दात येतायत," सून म्हणाली. तिचे डोळे दाराकडे होते. आत दिवे मालवले होते.

मावशीने सहा मुलांचे दात येताना पाहिले होते. दात म्हटल्यावर तिने पुढे विचारलं नाही. सात नंबरचा बिल्ला पोराच्या पायात बांधला, जोडीचा सुनेच्या हातात दिला. "जा. सुरू झालं."

त्या दिवशी व्हरांड्यात आठ मुलं होती. सात नंबरचं पोर तासभर झोपलं. मग जागं झालं, पण रडलं नाही. मावशीला खटकलं ते तेच. तिने त्याला झोळीतून उचललं तर अंग तव्यासारखं. मान खांद्यावर ठेवली तर ती तिथे राहिना, घसरायला लागली. तिने ओला कपडा कपाळावर ठेवला, दाराशी गेली आणि हाक मारली, "सात नंबर!"

कुणी आलं नाही.

तिकीट फाडणारा दाराशीच स्टुलावर बसलेला असायचा. त्याने मान वर केली. तेवढ्यात इंजिन खोकायला लागलं. पडद्यावरचं चित्र मंद झालं, पुरुषांनी शिट्ट्या मारल्या, आणि तिकीटवाला इंजिनाकडे धावला. मावशीने पुन्हा हाक दिली, या वेळी चांगली मोठ्याने. "सात नंबर! बाहेर ये!"

आतून एका बाईचा आवाज आला, "कोण गं ती सात नंबर? जा की!" पण उठलं कुणीच नाही.

दोन हाका झाल्या होत्या. आता आत जायचं. तिने मागे वळून पाहिलं. सतरंजीवर पाच मुलं, त्यातलं एक रांगत पायऱ्यांच्या कडेला पोचलेलं. झोळीत दोन. तिकीटवाला नाही. खांद्यावर हे तापलेलं पोर. ती रांगणाऱ्याला मागे ओढायला धावली. तेवढ्यात झोळीतलं एक जागं झालं. त्याला हलवत, तिकीटवाल्याची वाट बघत, ओला कपडा बदलत तिने आणखी काही वेळ घालवला. किती, ते तिला पुढे कधीच नक्की आठवलं नाही. मग तिसरी हाक मारली. तीही वाया गेली.

तीनला पाच कमी असताना दिवे लागले आणि माणसं बाहेर पडली. कुंभाराची सून सगळ्यांत शेवटी आली. डोळे रडून लाल झालेले, आणि बिल्ला मुठीत असा घट्ट धरलेला की तळव्यावर सातचा आकडा उमटला होता.

"हाक ऐकली नाहीस?" मावशीने विचारलं.

"ऐकली," सून म्हणाली. "पाजायला बोलावताय असं वाटलं. शेवट आला होता."

मावशीने पोर तिच्या हातात दिलं, आणि आईला जे कळायचं ते हात लावताक्षणी कळलं.

दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे आणि तीनच्या मोटारीने परत जायचे. बाजार त्यांच्या दिवसांपैकी एक. मावशीने तिकीटवाल्याला मुलांपाशी उभं केलं आणि दोघी बाजारातून निघाल्या. पण बाजार ऐन भरात होता. दोरखंडांचे ढीग, कंदिलांची दुकानं, कोंबड्यांच्या टोपल्या, आणि कुणी बाजूला होईना. मावशी पुढे होऊन ओरडत होती, "वाट द्या, पोर आजारी आहे!" दवाखान्याच्या पायरीवर त्या पोचल्या तेव्हा मोटारीने उडवलेली धूळ अजून रस्त्यावर तरंगत होती.

कंपाउंडरने पोराला तपासलं, चमच्याने औषध पाजलं आणि म्हणाला, "सकाळच्या पहिल्या मोटारीने मोठ्या दवाखान्यात न्या. हे माझ्या हातातलं नाही."

पहिली मोटार यायच्या आधीच पोर गेलं.

पुढच्या बाजारी, खेळ सुरू व्हायच्या आधी, कुंभारीण हॉलवर आली. बरोबर तिचा मुलगा, म्हणजे पोराचा बाप, आणि मागे सून. त्यांच्या मागे अर्धा बाजार. मालक खुर्ची टाकून व्हरांड्यात बसला होता, तो उठून उभा राहिला. बाप नुसता झोळ्यांकडे बघत होता. कुंभारीणच बोलली. आवाज चढवला नाही.

"माझं नातवंड तुझ्या हवाली केलं होतं," ती मावशीला म्हणाली. "ते तापलं, हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग आईला हाक का मारली नाहीस? ती म्हणते, तिला काही ऐकू आलं नाही."

मावशीने सुनेकडे पाहिलं. तिचा चेहरा धुवून वाळत टाकलेल्या कपड्यासारखा पांढरा पडला होता. या आठवड्याभरात ती त्या घरात कशी जगली असेल, आणि खरं बाहेर आलं तर पुढची चाळीस वर्षं कशी जगेल, ते मावशीला लख्ख दिसलं. परक्या घरात बाईमाणसाने कसं राहायचं असतं, ते तिला कुणी शिकवायला नको होतं. शिवाय सात रात्री ती स्वतःही झोपली नव्हती. दोन हाकांनंतर आत जायचं, हा नियम तिचाच होता आणि तिनेच तो मोडला होता.

"मी हाक मारली नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, दात येताना अंग तापतंच."

तिकीटवाला पुढे झाला. "मावशी, अहो, काय बोलताय? मी स्वतः—"

"तुम्ही इंजिनापाशी होतात, भाऊ," मावशी म्हणाली. "तुम्हाला काय माहीत?"

गर्दीत त्या दिवशी बाकांवर बसलेल्या निदान वीस बायका होत्या. तिन्ही हाका त्यांनी कानांनी ऐकल्या होत्या. पण एकीनेही तोंड उघडलं नाही. कुणी जमिनीकडे पाहिलं, कुणी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. कुंभारीण मटकन पायरीवर बसली. तिला रागवायचं होतं, पण सगळा राग पोचेपर्यंतच संपला होता बहुतेक. "एक हाक मारायची होतीस गं," एवढंच ती म्हणाली.

मालकाने त्याच दिवशी झोळ्या उतरवल्या आणि मावशीला खोली सोडायला सांगितलं.

बाजारपेठेत सुई-दोरा, बटणं, फिती असलं बारीकसारीक विकणारं एक दुकान होतं. ते एक जाडजूड दुकानदारीण चालवायची. तिने मावशीला निरोप पाठवला, "बटणं निवडायला माणूस हवंय." माणूस काही नको होतं. पण ती त्या दिवशी पुढच्या बाकावर होती. तिने तसं सांगितलं नाही आणि मावशीनेही विचारलं नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला, खणांच्या कपाटासमोर बसून मावशी बटणं निवडायची. शिंपल्याची एका खणात, लाकडी दुसऱ्यात, पत्र्याची तिसऱ्यात. बोलणं तिने जवळजवळ सोडलं होतं. एखादं पोर दुकानात आईच्या कडेवर रडायला लागलं की ती उठून आत जायची.

बाहेरगावची माणसं तिच्याकडे बोट दाखवायची. हीच ती. बायका दाखवत नव्हत्या, पण जवळही येत नव्हत्या. मावशीला वाटलं, आता हे असंच राहणार.

दोन-अडीच महिन्यांनी एका बाजारी दोरखंड विकणारी बाई दुकानात शिरली. धिप्पाड, आवाज असा की बैलही थबकावा. तिने काही न विचारता आपलं पोर मावशीच्या मांडीवर ठेवलं. "जरा बघ. मी पलीकडून जाऊन येते."

"माझ्याकडे नको ठेवूस," मावशी म्हणाली आणि हात मागे घेतले. "तुला माहीत नाही का?"

"मी तिसऱ्या बाकावर होते," दोरखंडवाली म्हणाली. "जा की, असं ओरडले ती मीच." आणि पाठ फिरवून निघून गेली.

पोर मांडीवरून घसरायला लागलं तेव्हा मावशीला ते धरावंच लागलं. मग ती रडली. तो प्रकार घडल्यापासून पहिल्यांदाच. दुकानदारीण गिऱ्हाइकाला फीत मोजून देत होती. तिने फीत पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली, मुद्दाम सावकाश.

पुढच्या बाजारी तीन पोरं आली. त्याच्या पुढच्या बाजारी पाच. दुकानदारीण म्हणायची, "हे दुकान आहे की कोंडवाडा?" आणि कापडाचे गठ्ठे हलवून जागा करून द्यायची. का, कसं, हे कुणी कुणाला सांगितलं नाही. ज्या बायका त्या दिवशी गप्प बसल्या होत्या, त्यांनी असं करून टाकलं एवढंच. तिकडे हॉलमधले बायकांचे बाक मात्र ओस पडायला लागले. पोरं ठेवायची कुठे, हा प्रश्न होताच, पण मावशीशिवाय त्या व्हरांड्यात ठेवायला कुणी तयार नव्हतं.

कुंभाराची सून यायची ती फक्त सासूच्या मागे मडकी घेऊन. दुकानावरून जाताना मान खाली. तिला दुसरं मूल झालं, मुलगी, तेही मावशीला कुणीतरी सांगितलं म्हणून कळलं.

त्या घटनेला अडीच वर्षं झाल्यावर एका दुपारी ती एकटीच दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. ती मावशीसमोर जमिनीवर बसली आणि बराच वेळ बटणांकडे बघत राहिली.

"मी घरी सांगितलं," ती म्हणाली.

मावशीचा हात थांबला. "कुणाला?"

"सासूबाईंना. तीन हाका ऐकल्या होत्या ते सांगितलं. आणि आदल्या रात्रीपासून तो तापला होता, दोनदा ओकला होता, तेही सांगितलं. मी लपवलं होतं. कळलं असतं तर त्यांनी सिनेमाला सोडलं नसतं." तिने श्वास घेतला. "धाकटीला परवा ताप आला. सासूबाई रात्रभर तिच्या उशाशी बसून तुम्हाला बोल लावत होत्या. मला ऐकवेना."

"मग?"

"दोन दिवस जेवल्या नाहीत. माझ्याशी बोलल्या नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. आज सकाळी मडकी उतरवताना म्हणाल्या, जा, तिला जाऊन सांग."

"आणि नवऱ्याला?"

"त्यांना नाही. सासूबाई म्हणाल्या, हे बाईमाणसात राहू दे."

मावशीने मान हलवली. कुंभारणीने काय गिळलं असेल, ते तिला कळलं. मग तिने इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं, "एवढं काय होतं गं त्या शेवटात?"

सून कसंनुसं हसली. "एक मुलगी माहेरी निघाली होती. ती पोचते की नाही, एवढंच बघायचं होतं. मी लग्नानंतर गेलेच नव्हते."

"पोचली?"

"पोचली."

दुकानदारीण बाहेरच्या फळीवर बसून रस्त्याकडे तोंड करून होती आणि एकही गिऱ्हाईक आत सोडत नव्हती.

"ऐक," मावशी म्हणाली. "मी तुझ्यासाठी खोटं बोलले असं समजू नकोस. निम्मं माझंच होतं. मी आत यायला हवं होतं. सात पोरं रडली असती घटकाभर, एखादं पायरीवरून पडलं असतं. तरी यायला हवं होतं. डॉक्टर भेटले असते तर वाचला असता का, ते तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. ते आता दोघींनी अर्धं-अर्धं उचलायचं."

सून रडली नाही. तिने वाकून मावशीच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं, तशीच काही वेळ राहिली, आणि उठून गेली. संध्याकाळी बाजार उठताना मावशी मडक्यांच्या जागेवरून गेली. कुंभारीण गवत गोळा करत होती. तिने वर पाहिलं, बाजूला सरकली आणि बसायला जागा केली. मावशी बसली. उरलेली मडकी गवतात गुंडाळून होईपर्यंत तिने कुंभारणीला मदत केली.

त्याच वर्षी मालकाने तिकीटवाल्याला मावशीकडे पाठवलं. बाक रिकामे, दुपारचा खेळ बंद करायची पाळी आली होती. "झालं गेलं विसरा म्हणतात मालक," तो ओशाळून म्हणाला.

"विसरायचं काही नाही," मावशी म्हणाली. "त्यांना सांगा, येते. पण दोन बायका लागतील. एकटीचं काम नव्हे ते. तेव्हाही नव्हतं, मला कळलं नाही."

मालकाने कुरकुर केली, पण दुसरी बाई ठेवली. दोरखंडवालीची नणंद होती ती, तरुण आणि चपळ. झोळ्या पुन्हा टांगल्या गेल्या, बिल्ले घासून चकचकीत झाले. मावशीने त्यानंतर अकरा वर्षं ते काम केलं. पाय सुजायला लागले तेव्हा ती खुर्चीवर बसून करायची. पण एक काम तिने त्या तरुण बाईला कधी करू दिलं नाही. हाकेला कुणी आलं नाही की ती पोर उचलून स्वतः आत शिरायची. बाजूने नाही, थेट पडद्यासमोरून, काठी टेकत. नायकाच्या छातीवर तिची वाकलेली सावली पडायची, पुरुष ओरडायचे, "ए मावशी, बाजूला हो!" ती हलायची नाही. बाकांकडे तोंड करून, पोराला खांद्यावर घेऊन, त्याची आई उठेपर्यंत ती तशीच उभी राहायची.